बॉयकॉट : एका आडनांवाचें क्रियापद

माणसांच्या नांवांवरून तयार झालेले शब्द इंग्रजी भाषेंत पुष्कळ आहेत. पावाच्या दोन कापांमध्यें मांस घालून खाणाऱ्या एका उमरावाच्या किताबावरून ‘सँडविच’ हा शब्द निघाला. खडीचे थर दाबून रस्ता बांधण्याची रीत रूढ करणाऱ्या स्कॉटिश गृहस्थाच्या नांवावरून ‘मॅकॅडम’ रस्ता झाला. शिरच्छेदासाठीं यंत्र वापरावें अशी सूचना ज्या फ्रेंच वैद्यानें केली, त्याचें आडनांव त्या यंत्राला कायमचें चिकटलें, आणि ‘गिलोटिन’ हा शब्द जन्मास आला. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. ज्याचें नांव शब्दाला मिळालें, त्यानें कांहीं तरी केलें होतें, निदान सुचविलें तरी होतें. ‘बॉयकॉट’ हा शब्द मात्र या नियमाला अपवाद आहे. बॉयकॉट नांवाच्या गृहस्थानें कोणावरही बहिष्कार घातला नाहीं; बहिष्कार पडला तो त्याच्यावरच. व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें, तर ज्या क्रियापदाला त्याचें नांव मिळालें त्या क्रियापदाचा तो कर्ता नव्हे. पहिलें कर्म होय.

आज हा शब्द इतका सुलभ झाला आहे कीं, त्याच्या उगमाची आठवण कोणास होत नाहीं. सभेवर बॉयकॉट, निवडणुकीवर बॉयकॉट, परदेशी मालावर बॉयकॉट, चित्रपटावर बॉयकॉट. वर्तमानपत्र उघडावें तों हा शब्द पुढें उभा. बहुतेक शब्दांचें जन्मस्थान व जन्मकाल शोधतां शोधतां कोशकार थकून जातात. या शब्दाची जन्मपत्रिका मात्र जवळजवळ पुरी उपलब्ध आहे. गांव ठाऊक आहे, महिना ठाऊक आहे, आणि तो प्रथम कोणीं उच्चारला याचीही हकीकत नमूद आहे. ती पत्रिका मांडून पाहिली असतां या एका शब्दाच्या पोटांत दोन अगदीं परस्परविरोधी कृत्यें कशीं नांदत आहेत, तें स्पष्ट दिसूं लागतें.

आयर्लंडच्या पश्चिम भागांत मेयो नांवाचा परगणा आहे. तेथें बॅलिनरोब या लहानशा गांवाजवळ लॉख मास्क हें विस्तीर्ण सरोवर पसरलें असून त्याच्या कांठीं लॉख मास्क हाऊस हा वाडा आहे. एकोणिसाव्या शतकांत आयर्लंडांतील बहुतेक जमीन थोड्या जमीनदारांच्या मालकीची होती. जमीन कसणाऱ्या कुळाला तिच्यावर कायमचा हक्क नसे. खंड थकला कीं घरांतील माणसें व भांडींकुंडीं रस्त्यावर येत. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो भयंकर दुष्काळ झाला, त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं आणि लक्षावधि लोक देश सोडून अमेरिकेच्या वाटेला लागले. ती आठवण ताजी असतांनाच १८७९ सालीं पुन्हां पीक बुडालें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ‘लँड लीग’ ही कुळांची संस्था स्थापन झाली. तिचा प्राण मायकेल डेव्हिट. हा मेयो परगण्यांतच जन्मला होता, आणि तो अवघा चार वर्षांचा असतांना त्याच्या आईबापांना घरांतून बाहेर काढण्यांत आलें होतें. अध्यक्ष होता चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल, जो स्वतः जमीनदार असून कुळांचा पुढारी झाला होता. खंड रास्त असावा, तो देणाऱ्या कुळास काढूं नये, आणि कुळास आपला हक्क विकतां यावा, या तीन मागण्यांभोंवतीं ही सारी चळवळ उभी राहिली.

लॉख मास्कच्या वाड्यांत राहणाऱ्या गृहस्थाचें नांव चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. त्याचा जन्म इंग्लंडांत नॉरफोक परगण्यांत १८३२ सालीं झाला. कांहीं काळ तो लष्करांत होता; पुढें नोकरी सोडून आयर्लंडांत शेती करूं लागला. लोक त्याला ‘कॅप्टन’ म्हणत. पण ती पदवी लष्करी हुद्यापेक्षां लोकांच्या तोंडींच अधिक होती. लॉर्ड अर्न नांवाच्या जमीनदाराची त्या भागांतील जमीन तो मुखत्यार म्हणून सांभाळी व स्वतःही मोठी शेती करी. तो राक्षस नव्हता आणि संतही नव्हता. कडक, करारी, किरकोळ गोष्टींवरूनही कुळांना दंड करणारा असा त्याचा लौकिक होता. असे मुखत्यार त्या काळीं आयर्लंडांत गांवोगांव होते. इतिहासानें नेमका यालाच निवडला, त्याचें कारण त्याच्या दुष्टपणापेक्षां तिथीवारांतच अधिक सांपडतें.

१८८० च्या सप्टेंबरची १९ तारीख. एनिस या गांवीं पार्नेलचें भाषण झालें. ज्या शेतांतून एका कुळाला काढलें तेंच शेत दुसऱ्यानें घेतलें, तर त्या दुसऱ्याचें काय करावें, असा प्रश्न त्यानें श्रोत्यांना केला. ‘त्याला मारा,’ अशी गर्दींतून आरोळी उठली. त्यावर पार्नेलनें सांगितलें कीं, याहून अधिक माणुसकीचा व अधिक परिणामकारक असा दुसरा उपाय आहे. त्या मनुष्याला रस्त्यांत भेटल्यास टाळावें, दुकानांत टाळावें, बाजारांत टाळावें, प्रार्थनामंदिरांतही टाळावें. पूर्वीं महारोग्याला जसें दूर ठेवीत तसें त्याला एकटें पाडावें. हें शस्त्र रक्त सांडीत नाहीं, म्हणून माणुसकीचें. पण तें किती धारदार आहे, हें तीनच दिवसांत दिसून आलें.

त्या वर्षीं लॉर्ड अर्न खंडांत शेंकडा १० सूट द्यावयास तयार होता; कुळांची मागणी शेंकडा २५ ची होती. मागणी नाकारली गेली. २२ सप्टेंबर रोजीं नोटिसा बजावण्यासाठीं बेलीफ पोलिसांच्या पहाऱ्यांत निघाला. दोनचार घरें होतात न होतात तोंच गांवच्या बायकांनीं माती व शेण यांचा मारा करून त्याला पिटाळून लावलें. पुढच्या कांहीं दिवसांत बॉयकॉटच्या शेतावरील मजूर काम टाकून गेले, आणि वाड्यांतील नोकरचाकरही निघून गेले. लोहार घोड्याचे नाल ठोकीना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार जिन्नस विकीना. टपाल आणणाऱ्या पोरानें तें काम सोडलें. शेतांत पीक उभें होतें. कापावयाला हात नव्हता. हें सर्व स्वखुशीनेंच झालें असें मात्र म्हणतां येत नाहीं. लोहाराला व दुकानदारांना धमक्या आल्या होत्या, असें बॉयकॉटनें लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रास ऑक्टोबरांत पाठविलेल्या पत्रांत लिहिलें आहे. या शस्त्राच्या मुठींत पहिल्या दिवसापासूनच एक खोट होती, ती येथें दिसते.

आतां शब्दाचा जन्म. जॉन ओ’मॅली हा त्या भागांतील पाद्री कुळांच्या बाजूचा होता. जेम्स रेडपाथ नांवाचा अमेरिकन वार्ताहर त्या दिवसांत त्याच्याकडे जेवावयास गेला होता. रेडपाथनें पुढें लिहून ठेविलेल्या हकीकतीप्रमाणें, जेवतांना तो अडखळला. जमीनदाराला किंवा त्याच्या मुखत्याराला समाजानें असें वाळीत टाकलें, तर त्या कृतीला म्हणावें काय? इंग्रजींत ‘ऑस्ट्रसाइझ’ हा शब्द आहे. पण तो विद्वानांचा. प्राचीन अथेन्समध्यें एखादा पुढारी डोईजड झाला तर नागरिक खापरीच्या तुकड्यावर त्याचें नांव कोरून मत देत. मतें पुरेशीं पडलीं तर त्याला दहा वर्षें नगराबाहेर जावें लागे. खापरीला ग्रीक भाषेंत ‘ऑस्ट्राकॉन’ म्हणत, त्यावरून तो शब्द आला. मेयोच्या शेतकऱ्याला ही ग्रीक खापरी कोठून ठाऊक असणार? पाद्रीबोवांनीं कपाळावर बोट टेकून क्षणभर विचार केला आणि म्हटलें, ‘त्याला बॉयकॉट करणें’ असें म्हटलें तर? रेडपाथनें तो शब्द उचलला आणि वृत्तपत्रांच्या हवालीं केला.

एका खेड्यांतील पाद्र्यानें कुळांना समजावा म्हणून योजिलेला हा शब्द किती वेगानें धांवला, हें पाहण्यासारखें आहे. नोव्हेंबर संपण्यापूर्वींच तो खुद्द ‘टाइम्स’ च्या स्तंभांत आला. थोड्याच वर्षांत फ्रेंचांनीं, जर्मनांनीं, डचांनीं आणि रशियनांनीं आपापले प्रत्यय लावून तो घरांत घेतला. आरंभीं त्याचें पहिलें अक्षर मोठें लिहीत, कारण तें विशेषनाम होतें. पुढें तें अक्षर लहान झालें. मोठ्या अक्षराबरोबर माणूस विसरला गेला. लहान अक्षराचें क्रियापद तेवढें मागें उरलें.

इकडे लॉख मास्कच्या शेतांत पीक तसेंच उभें होतें. सरकारनें व जमीनदारांच्या कैवाऱ्यांनीं तें काढण्याचा हट्ट धरला. कॅव्हन व मोनॅहन या परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक आणले गेले. त्यांच्या रक्षणासाठीं सुमारें एक हजार सैनिक व पोलीस पाठविण्यांत आले. पावसाच्या झडींत तंबू ठोकून दोन आठवडे सलगम उपटण्याचें व धान्य मळण्याचें काम चाललें. गांवकऱ्यांनीं एकही दगड उचलूं नये, घराबाहेरही पडूं नये, असा ओ’मॅलीचा उपदेश होता, आणि तो पाळला गेला. पीक सुमारें ५०० पौंडांचें. तें वांचविण्याचा खर्च अजमासें १०,००० पौंड. एकेका सलगमामागें सरकारला एक शिलिंग पडला, असा टोमणा पार्नेलनें मारला. नोव्हेंबरच्या अखेरीस सैन्य परत फिरलें व त्याबरोबर बॉयकॉटही कुटुंबासह आयर्लंड सोडून गेला. पुढच्याच वर्षीं, १८८१ सालीं, ग्लॅडस्टनच्या सरकारनें जमिनीचा नवा कायदा केला आणि कुळांच्या तिन्ही मागण्या पुष्कळ अंशीं मान्य केल्या.

शब्द १८८० चा असला तरी कृति जुनीच होती. गुलामांच्या श्रमांतून निघालेली वेस्ट इंडीज बेटांतील साखर खावयाची नाहीं, असा निश्चय १७९१ च्या सुमारास इंग्लंडांतील हजारों कुटुंबांनीं केला होता. त्या चळवळींत घरच्या स्त्रियांचा वांटा मोठा होता, कारण साखरेचा डबा त्यांच्या हातीं होता. त्या वेळीं या कृतीला सुटसुटीत नांव नव्हतें, एवढेंच.

हिंदुस्थानांत हा शब्द मोठ्या गाजावाजानें आला तो १९०५ सालीं. बंगालच्या फाळणीच्या निषेधार्थ ७ ऑगस्ट रोजीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें विलायती मालावरील बॉयकॉटचा ठराव झाला. ऑक्टोबरांत पुण्यास विलायती कापडाची होळी झाली. लोकमान्य टिळकांनीं स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीस हा उपाय घेऊन चतुःसूत्री सिद्ध केली, आणि मराठींत त्याला नांव रूढ झालें ‘बहिष्कार’. १९०७ च्या जानेवारींत कलकत्त्याच्या भाषणांत टिळकांनीं त्याचें मर्म सांगितलें. तें असें कीं, हें राज्य आपल्याच लोकांच्या हातांनीं चालतें. ते हात काढून घेणें हेंच निःशस्त्र राष्ट्राचें शस्त्र होय.

परंतु त्याच काळांत एका थोर मराठी पुरुषाला हा शब्द खटकला होता. १९०५ च्या डिसेंबरांत बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष गोपाळ कृष्ण गोखले होते. अत्यंत निकराच्या प्रसंगीं राजकीय शस्त्र म्हणून बंगालनें बॉयकॉटचा अवलंब केला, तो त्यांनीं समर्थनीय ठरविला. पण शब्दाविषयीं त्यांनीं सावध केलें. दुसऱ्याची खोड मोडावी, त्याला इजा व्हावी, अशी सूडाची छटा या शब्दाला चिकटलेली आहे. म्हणून आपल्या देशांतील माल वापरण्याच्या सामान्य चळवळीला ‘स्वदेशी’ हाच शब्द बरा, असें त्यांचें म्हणणें होतें. गोखल्यांची ही शंका पुष्कळांना त्या वेळीं नेमस्तपणाची वाटली. परंतु ‘बहिष्कार’ या मराठी शब्दाचा पूर्वेतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला ती तशी वाटणार नाहीं.

कारण इंग्रजी शब्द नवा होता. मराठी शब्द नवा नव्हता. ‘बहिस्’ म्हणजे बाहेर. बहिष्कार म्हणजे बाहेर घालवणें. जातीनें अथवा गांवानें एखाद्याला वाळीत टाकणें, रोटीबेटीचा व्यवहार तोडणें, हा त्याचा शतकानुशतकांचा अर्थ होता. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्याच्या आरोपावरून ज्यांच्या मागें ग्रामण्य लागलें, त्यांत रानडे होते, टिळक होते आणि गोखलेही होते. त्या पेल्यापायीं प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलें. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां त्यांच्या मुरूड गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि त्याची झळ घरच्या निरपराध माणसांना लागली.

या मंडळींना निदान विद्या होती, शहर होतें, मित्र होते. ज्यांना यांपैकीं कांहींच नव्हतें, त्यांच्यावर हें शस्त्र कसें चाले, तें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं जगापुढें मांडलें. त्यांनीं १९२४ सालीं स्थापिलेल्या संस्थेचें नांव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’, आणि १९२७ सालीं काढिलेल्या पाक्षिकाचें नांव ‘बहिष्कृत भारत’. म्हणजे ज्या शब्दाचा डाग लावला गेला होता तोच शब्द त्यांनीं ध्वजावर लिहिला. मुंबई सरकारनें नेमिलेल्या ज्या समितींत ते सभासद होते, तिनें १९३० च्या अहवालांत स्पष्ट म्हटलें कीं, उघड मारहाणीपेक्षां सामाजिक बहिष्कार हें अस्पृश्यांविरुद्ध अधिक भयंकर शस्त्र आहे. ज्याचें पोट गांवच्या शेतावर व गांवच्या कामांवर अवलंबून, त्याला काम बंद, वाण्याचें दुकान बंद आणि वाट बंद झाल्यावर हक्क कागदावरच राहणार. म्हणूनच गोलमेज परिषदेपुढील आपल्या मागण्यांत आंबेडकरांनीं असा बहिष्कार हा गुन्हा ठरवावा असें मांडलें. आणि त्याची व्याख्या करतांना ब्रह्मदेशांतील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला.

म्हणजे त्या एका पिढींत महाराष्ट्रांत एकाच शब्दाला दोन अर्थ होते. एकाच्या तोंडीं बहिष्कार हा मुक्तीचा मार्ग होता. दुसऱ्याच्या दारावर तोच कुलूप होऊन लागला होता. असा प्रकार केवळ येथेंच घडला असेंही नाहीं. १ एप्रिल १९३३ रोजीं जर्मनींत नाझी पक्षानें ज्यू लोकांच्या दुकानांवर बॉयकॉट पुकारला. दारांपुढें गणवेश घातलेले लोक उभे केले. याउलट १९५५ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील माँटगोमेरी शहरीं रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनीं बसमधील जागा गोऱ्या उतारूसाठीं सोडण्याचें नाकारलें, म्हणून त्यांना अटक झाली. तेव्हां तेथील कृष्णवर्णीय लोकांनीं बसवर बॉयकॉट टाकला. ३८१ दिवस तीं माणसें पायीं किंवा शेजाऱ्याच्या गाडींतून कामावर जात राहिलीं, आणि अखेर न्यायालयाच्या निकालानें बसमधील भेद संपला. दोन्ही ठिकाणीं शब्द एकच. कोशही दोहोंचा अर्थ एकाच नोंदींत देतो.

मग यांतील भेद ओळखावयाचा कसा? शब्दाच्या मूळ कथेंतच त्याची खूण आहे. लॉख मास्कच्या मजुरांनीं बॉयकॉटला वाड्याबाहेर काढलें नाहीं; ते स्वतः बाहेर पडले. आपली मजुरी त्यांनीं बुडविली, आणि तीही दुष्काळाच्या वर्षीं. इंग्लंडांतील कुटुंबांनीं आपल्याच चहांतील साखर सोडली. माँटगोमेरीच्या मोलकरणींनीं आपलेच पाय झिजविले. जेथें माणूस आपलें कांहीं तरी सोडतो आणि ज्याच्या हातीं सत्ता आहे त्याच्यापासून आपला हात काढून घेतो, तेथें तो त्याग आहे. जेथें पुष्कळ जण एकत्र येऊन एकट्याचें पाणी तोडतात आणि त्यांचें स्वतःचें कांहींच जात नाहीं, तेथें ती शिक्षा आहे. आणि ती शिक्षा देणारा न्यायाधीश कोणींही नेमलेला नसतो. इंग्रजी शब्दांत हे दोन्ही अर्थ मिसळले. मराठींत तर ‘हात काढून घेणें’ या कृतीला ‘बाहेर घालवणें’ या अर्थाचा शब्द मिळाला, आणि गोंधळ दुप्पट झाला.

शिवाय पहिल्या प्रकारांतून दुसऱ्यांत जाण्याची वाट फार उतरणीची आहे. मजुरानें काम सोडलें तोंवर तो त्याग होता. लोहाराला धमकीचें पत्र गेलें, त्या क्षणीं दुसरा प्रकार सुरू झाला. लोहाराला काम करण्याची इच्छा होती कीं नव्हती, हें त्याला कोणीं विचारलें नाहीं. थोर चळवळींनाही ही उतरण चुकलेली नाहीं, म्हणूनच गोखल्यांचा इशारा आज शंभरांहून अधिक वर्षांनीं पुन्हां वाचण्यासारखा वाटतो.

महाराष्ट्रानें ही गोष्ट उशिरा कां होईना, कायद्यांत लिहिली. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचें संरक्षण करणारा कायदा राज्याच्या विधिमंडळानें २०१६ सालीं संमत केला व तो २०१७ च्या जुलैंत अंमलांत आला. जातपंचायतीनें किंवा गांवकीनें एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा त्यांत सांगितल्या आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीं ज्या भूमींत ‘बहिष्कार’ हा शब्द स्वातंत्र्याच्या घोषणेंत होता, त्याच भूमींत एकविसाव्या शतकांत तो गुन्ह्याच्या व्याख्येंत बसला. आणि दोन्ही वेळां तें योग्यच झालें.

राहिला तो पहिला बॉयकॉट. १८८१ सालीं तो अमेरिकेस गेला, तेव्हां प्रसिद्धि टाळण्यासाठीं त्यानें आपलें आडनांव गाळून कनिंगहॅम या नांवानें प्रवास केला. पण लोकांनीं ओळखावयाचें तें ओळखलेंच. त्याच वर्षीं तो लॉख मास्कला परतला, कांहीं वर्षें तेथें राहिला, आणि १८८६ सालीं इंग्लंडांत सफोक परगण्यांत दुसऱ्या एका जमीनदाराचा मुखत्यार झाला. १८९७ च्या जूनमध्यें तो वारला. तोंपर्यंत त्याचें आडनांव अनेक भाषांच्या कोशांत गेलें होतें. तें वापरणाऱ्यांपैकीं फार थोड्यांना हा शब्द एका माणसाचें नांव आहे हें ठाऊक होतें; आजही तसेंच आहे. पण तें ठाऊक असणें उपयोगाचें आहे. बॉयकॉट हा शब्द ज्याच्यावर टाकावयाचा, तेथें दारामागें एक माणूस, त्याची बायको, त्याचीं मुलें असतात, एवढें त्या नांवावरून तरी आठवावें.